बाईंनी हातात ठेवलेला भैरप्पा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला, आणि बहुतेकांनी मैदान, मधली सुट्टी, स्नेहसंमेलन असे विषय घेऊनही टाकले, ते छानच लिहितील. मला मात्र शाळा म्हटलं की पहिलं डोळ्यासमोर येतं ते लायब्ररीचं काचेचं कपाट आणि त्यातून बाईंनी काढून दिलेलं एक पुस्तक. त्यामुळे मी त्या पुस्तकाबद्दल आणि त्याच्या लेखकाबद्दलच लिहिणार आहे. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा. २४ सप्टेंबर २०२५ ला ते गेले, चौऱ्याण्णव वर्षांचे होते. त्या दिवसापासून मला दोघातिघांनी तरी विचारलं की त्यांचं काहीच वाचलेलं नाही, कुठून सुरुवात करू? फोनवर याचं उत्तर नीट देता येत नाही म्हणून इथे देते.

बाई आम्हाला संस्कृत शिकवायच्या आणि मधल्या सुट्टीत लायब्ररी सांभाळायच्या. दहावीची परीक्षा संपल्यावर मी पुस्तकं परत करायला गेले तर त्यांनी रजिस्टरमध्ये माझ्या नावासमोर सही केली, मग उठून कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यातून एक पुस्तक काढलं. तपकिरी कव्हर घातलेलं, पाठीवरची नंबरची चिठ्ठी अर्धी सुटून लोंबत होती, आणि शेवटच्या पानावरच्या तारखांच्या कागदावर फक्त तीन शिक्के. 'वंशवृक्ष', अनुवाद उमा कुलकर्णी. बाई म्हणाल्या, "हे ने. समजलं नाही तरी शेवटपर्यंत वाच, आणि निकालाच्या दिवशी येऊन मला सांग कोण चुकलं."

आता ही कादंबरी काय आहे ते थोडक्यात सांगते. कपिला नदीकाठचं नंजनगूड, तिथले श्रीनिवास श्रोत्री, वेदशास्त्र जाणणारे आणि ते जगणारेसुद्धा. त्यांचा मुलगा नदीत बुडून जातो. मागे राहते सून कात्यायनी आणि तिचं तान्हं बाळ. श्रोत्री तिला पुढे शिकायला म्हैसूरला कॉलेजात जाऊ देतात, तिथे ती राजा नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडते, लग्न करते, आणि मग प्रश्न येतो की मूल कुणाचं. ती त्याला न्यायला येते. तो प्रसंग मी त्या वयात वाचला आणि अजून विसरले नाही, कारण श्रोत्री तिला अडवत नाहीत, आवाज चढवत नाहीत, शाप वगैरे तर नाहीच, ते आपली बाजू शांतपणे सांगतात की मूल हे एका माणसाचं नसतं, वंशाचं असतं, आणि निर्णय तिच्यावरच सोपवतात. ती मुलाला न घेता परत जाते. पुढे तिच्या वाट्याला जे येतं ते वाचताना मी रडले आहे, एकदा नाही, दरवेळी.

निकालाच्या दिवशी मी बाईंना ठणकावून सांगितलं, सासऱ्यांचं चुकलं. बाई म्हणाल्या, "बरं. आता सासऱ्यांची बाजू मांड." मला येईना. मी दोन वाक्यं बोलले आणि अडकले. त्यांनी पुस्तक परत माझ्याच हातात दिलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की श्रोत्री हा माणूस स्वतःला कुठेच सूट देत नाही, जो नियम सुनेला तोच त्याहून कडक स्वतःला, आणि शेवटी वंश या ज्या गोष्टीवर त्यांनी सगळं आयुष्य उभं केलं तिच्याबद्दलच त्यांना एक गोष्ट कळते. ती मी इथे सांगणार नाही, ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे. पण ती कळल्यावर ते जे करतात तिथे माझं 'सासऱ्यांचं चुकलं' गळून पडलं, आणि तरी कात्यायनीचं चुकलं असंही मला म्हणता येईना, आजही येत नाही.

भैरप्पांची ताकद ही आहे. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी सत्य आणि सौंदर्य यांच्या संबंधावर पीएचडी केली, पण त्यांच्या चांगल्या कादंबऱ्यांत तत्त्वज्ञान लेक्चर म्हणून येत नाही, माणसांच्या भांडणातून येतं, आणि दोन्ही बाजू इतक्या पूर्ण मांडलेल्या असतात की वाचणाऱ्यालाच घाम फुटतो.

हे प्रश्न त्यांना पुस्तकांतून पडलेले नव्हते हे मला खूप नंतर समजलं, त्यांचं आत्मचरित्र वाचल्यावर. कन्नडमध्ये 'भित्ती', मराठीत 'माझं नाव भैरप्पा'. हासन जिल्ह्यातलं संतेशिवर हे गाव, लहानपणी प्लेगनं भावंडं गेली, आई गेली, वडील बेफिकीर. मिळेल ती कामं करून शिकले. मध्ये शाळा सोडून वर्षभर भटकले, मुंबईत रेल्वे स्टेशनवर हमाली केली, काही महिने साधूंबरोबर फिरले आणि मग परत येऊन शिक्षण पूर्ण केलं. मरण म्हणजे काय हा प्रश्न ज्याला शाळेत जायच्या वयात पडला तो माणूस तत्त्वज्ञानाकडे का वळला हे वेगळं सांगायला नको. 'गृहभंग' या त्यांच्या कादंबरीतलं प्लेगचं गाव आणि ती खंबीर नंजम्मा हे सगळं तिथूनच आलंय. आत्मचरित्र वाचल्यावर 'गृहभंग' वाचा, हा क्रम उलटा करू नका असं माझं मत आहे, काही लोक उलटं सांगतात.

आता वादाबद्दल बोलायलाच हवं कारण आजकाल भैरप्पा म्हटलं की आधी वादच आठवतो. २००६ मध्ये टिपू सुलतानावरून त्यांचा आणि गिरीश कर्नाडांचा कन्नड वर्तमानपत्रात मोठा वाद झाला. गंमत म्हणजे याच कर्नाडांनी ब. व. कारंतांबरोबर १९७१ मध्ये 'वंशवृक्ष' वर सिनेमा केला होता. मग २००७ मध्ये 'आवरण' आली, आणि पहिली आवृत्ती प्रकाशनाआधीच संपली. लक्ष्मी नावाची मुलगी प्रेमविवाह करून रझिया होते, पुढे वडील गेल्यावर त्यांनी जमवलेली पुस्तकं आणि टिपणं तिच्या हाती लागतात, ती औरंगजेबाच्या काळावर कादंबरी लिहायला घेते, म्हणजे कादंबरीच्या आत कादंबरी. कन्नड कादंबरीकार यू. आर. अनंतमूर्तींनी 'आवरण' वर उघड टीका केली, एकीकडे लोकांनी डोक्यावर घेतली, दुसरीकडे ही कादंबरी नाही प्रचार आहे असं म्हणणारेही तितकेच.

मी या दोन्हींत कुठे बसते? मला 'आवरण' मधला राजपूत राजकुमाराचा भाग, त्याची गुलामी, त्याचे झालेले हाल, हे हलवून गेलं. लेखकानं त्यासाठी किती वाचलंय ते पानोपानी दिसतं. पण बाईंची सवय लागलेली असल्यामुळे मी वाचताना आपोआप दुसऱ्या बाजूची वाट बघत होते, की आता रझियाचा नवरा अमीर बोलेल, श्रोत्री बोलले तसा, स्वतःच्या पूर्ण उंचीने, आणि तो तसा बोलत नाही. त्यातल्या पुरोगामी प्रोफेसर शास्त्रींचं पात्र तर मला आधीपासून हरवायलाच उभं केल्यासारखं वाटलं. 'कवलु', मराठीत 'तडा', त्यात हे आणखी जास्त जाणवतं. ती वाचून मी खरोखर चिडले, स्त्रियांना मिळालेल्या कायद्यांचा गैरवापर होतो हा विषय घ्यायला कुणाचीच हरकत असू नये, पण ज्या लेखकानं कात्यायनी लिहिली, महाभारतावरच्या 'पर्व' मधली कुंती आणि द्रौपदी लिहिली, त्यानं आजच्या शिकलेल्या बाईला इतकं एकाच बाजूने का पाहावं हे मला कळलं नाही. हे मी त्यांच्यावर प्रेम करणारी वाचक म्हणूनच लिहितेय. आवडत्या लेखकाचं सगळंच आवडलं पाहिजे असं बाईंनी आम्हाला कधी शिकवलं नाही.

आणि म्हणूनच माझं सांगणं आहे की सुरुवात 'आवरण' पासून करू नका. बहुतेक लोक तिथूनच करतात, कारण नाव ऐकलेलं असतं, आणि मग एक गट त्यांना आपलं माणूस ठरवतो आणि दुसरा गट त्यांचं पुढचं एकही पुस्तक उघडत नाही. दोघांचंही नुकसान. धर्मांतराचा विषयसुद्धा त्यांनी काही म्हातारपणी उचललेला नाही, १९६१ च्या 'धर्मश्री' मध्येच तो आहे. आणि १९७३ ची 'दाटू' बघा, मराठीत 'जा ओलांडुनी', ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी सत्यभामा आणि शेतकरी समाजातल्या गौडांचा मुलगा श्रीनिवास, जात आपल्या हाडात किती खोलवर गेलीय हे त्या कादंबरीत ज्या निर्दयपणे दाखवलंय ते वाचल्यावर भैरप्पांना परंपरेचे वकील म्हणून बाजूला ठेवता येत नाही. १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच कादंबरीला मिळाला.

तर पहिली 'वंशवृक्ष'. १९६५ ची आहे, पण जुनी झालेली नाही. त्यात सदाशिवराव नावाचा इतिहासकार आहे, भारतीय संस्कृतीच्या इतिहासाचे खंड लिहिण्यासाठी आयुष्य घालवणारा, घरची बायको नागलक्ष्मी असताना आपल्या कामात साथ देणाऱ्या विद्यार्थिनीशी लग्न करणारा. लोक श्रोत्री-कात्यायनीबद्दलच बोलतात पण मला आता, या वयात, नागलक्ष्मी जास्त दिसते. शाळेत असताना ती मला दिसलीच नव्हती.

मग 'पर्व', १९७९. पर्वसाठी वेळ काढावा लागतो, ती प्रवासात वाचायची गोष्ट नाही. महाभारत, पण वर नाहीत, शाप नाहीत, चमत्कार नाहीत. सुरुवात होते मद्र देशाच्या म्हाताऱ्या शल्य राजापासून, घरातल्या मुलीचं लग्न आणि कन्याशुल्काची काळजी, म्हणजे युद्धाच्या आधी एका आजोबाच्या डोक्यातली घरगुती चिंता. तिथून एकेकाच्या मनात शिरत शिरत सगळी कथा. या कादंबरीसाठी ते हिमालयात बहुपतित्वाची चाल असलेल्या भागात जाऊन राहून आले, द्वारका, कुरुक्षेत्र फिरले. मी 'पर्व' आईच्या आजारपणात वाचली, रात्री तिच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसून, दिवा पुस्तकावर पडेल आणि तिच्या डोळ्यांवर येणार नाही असा वळवून. कुंतीचा भाग चालू होता. नियोगातून, म्हणजे नवऱ्याच्या संमतीने दुसऱ्या पुरुषापासून, झालेली मुलं, कर्ण, माद्री, हे सगळं आठवत बसलेली एक थकलेली बाई, आणि समोर माझी आई झोपेत कुणाचं तरी नाव घेत होती, मला ओळखीचं नसलेलं. मी पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदा मनात आलं की आपल्या आईच्या आत असं किती काय असेल जे आपण कधी विचारलंच नाही. सकाळी मी तिला विचारलं. आम्ही दोघी दोन तास बोललो, तिच्या माहेराबद्दल, तिच्या एका लहानपणीच गेलेल्या भावाबद्दल. ते दोन तास मला 'पर्व' मुळे मिळाले. आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी मात्र हीच कादंबरी देवांची माणसं केली म्हणून अर्ध्यात ठेवली, तेही मी समजू शकते.

यानंतर ज्याला संगीताची आवड आहे त्यानं 'मंद्र' घ्यावी, मोहनलाल नावाचा थोर गवई, सूर इतका शुद्ध आणि वागणं असं की त्याच्या आयुष्यातली प्रत्येक बाई त्यात पोळून निघते, कला मोठी की माणूस, याचं सोपं उत्तर नाही. याच कादंबरीला सरस्वती सन्मान मिळाला. खोटेपणाचं मूळ शोधणारी 'साक्षी', आठव्या शतकाच्या आसपासचा 'सार्थ', मग सीतेच्या बाजूने रामायण सांगणारी 'उत्तरकांड'. आणि मग 'आवरण'. तोपर्यंत तुम्हाला हा लेखक काय करू शकतो हे माहीत झालेलं असेल, आणि तिथे त्यानं ते केलं की नाही हे तुम्हाला कुणी सांगायची गरज उरणार नाही.

एक ऋण मात्र मांडलंच पाहिजे. हे सगळं आपल्याला मराठीत मिळालं ते उमाताई कुलकर्णींमुळे. त्यांचे पती विरूपाक्ष यांनी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचायचं, टेप करून ठेवायचं, आणि उमाताईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचं, अशी त्या घरातली पद्धत. म्हणजे या कादंबऱ्या आधी कानांवरून गेल्या आहेत, म्हणून कदाचित त्यातली बोलणी इतकी खरी वाटतात. भैरप्पांना कित्येक मराठी वाचक मराठीच लेखक समजतात, ते यामुळे.

बाई निवृत्त झाल्या, नंतर गेल्या. मी त्यांना शेवटची भेटले तेव्हा 'तडा' बद्दलचा सगळा राग बोलून दाखवला. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता त्याची बाजू मांड." यावेळी मला थोडी मांडता आली.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या लायब्ररीला मी या पुस्तकांचा संच देतेय. 'वंशवृक्ष' च्या दोन प्रती आहेत, कारण एक कायम कुणाच्या तरी घरी असावी. आत्ताच्या लायब्ररीच्या बाईंना एक विनंती, कृपया खालच्या कप्प्यात ठेवू नका. आणि दहावीच्या मुलांना हे झेपणार नाही असं कुणी म्हणालं तर या शाळेत पूर्वी एका मुलीला ते दिलं होतं हे त्यांना जरूर सांगा.