नंतर या

दारावर आलेल्या माणसाला तोंडावर 'नको' म्हणायचं आम्हाला कोणी शिकवलंच नाही. नौपाड्यातल्या आमच्या घरी उदबत्तीवाला यायचा, मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन यायची, बोहारीण तर उंबऱ्यावर बसकणच मारायची. एका स्टीलच्या डब्याला तीन साड्या मागायची, आई दोन काढायची, मग त्यातल्या एकीचा काठ विरलाय म्हणून पाऊण तास घासाघीस, आणि सौदा मोडायचा तो पण "नंतर या हं" वर. म्हणजे 'नको', हे दोघींनाही पक्कं ठाऊक.

हीच सवय घेऊन मी लग्नानंतर न्यू जर्सीला गेले. तिथे दिवस दिवस बेल वाजायचीच नाही, पार्सलवाला पण दारात टाकून पळणार, त्यामुळे पहिल्यांदा वाजली तेव्हा गॅस बंद करून धावत गेले. दोन बायका, कडक इस्त्रीचे स्कर्ट, हातात धर्माची पुस्तकं. मी हसून इंग्रजीत म्हटलं, आत्ता जरा कामात आहे, नंतर या. तर एकीने डायरीच काढली. गुरुवारी अकरा चालेल का?

आल्या ना, बरोब्बर अकराला! चहा दिला, पोहे दिले, मिरची बाजूला काढा हे सांगायला विसरले. मग पुढचे चार गुरुवार तेच. नवरा म्हणाला, सरळ नो म्हण की, पण जी बाई नाक पुसत पुसत आपले पोहे संपवते तिला नो कसं म्हणायचं?

शेजारीण म्हणाली 'नो सॉलिसिटिंग'ची, म्हणजे विक्रेत्यांनी बेल वाजवू नये अशी, पाटी लाव. लावली, तरी आल्या, त्या थोडंच काही विकत होत्या. आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगून ठेवलंय की धर्मप्रचाराला दारोदार जायला गावाचं परमिट लागत नाही.

विकणाऱ्यांचं मात्र वेगळं. वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावाने १९३१ मध्ये न बोलावता येणाऱ्या विक्रेत्यांना बंदी घातली, कारण रेल्वेत रात्रपाळी करणारे दिवसा झोपायचे. मला एकदम नौपाडा आठवला, 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये'. शिवाय दारावर २५ डॉलर किंवा जास्तीचा सौदा केला तर कामाच्या तीन दिवसांत रद्द करता येतो, हा नियम तर माझ्यासाठीच केलाय बहुतेक. एका घामाघूम कॉलेजच्या पोराला मी आधी पाणी दिलं आणि मग किडे मारायच्या वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर सही पण दिली, ते तिसऱ्या दिवशी फॉर्म पोस्टात टाकून सोडवलं. पोस्टाने 'नको' म्हणायची सोय! आईला फार आवडली असती.

आता परत ठाण्यात, घोडबंदर रोडला, बाविसावा मजला. वर कोणी फिरकत नाही, सगळं गेटवरच अडतं. परवा इंटरकॉम वाजला.

"मॅडम, बर्तनवाली आयी है, भेजूं?"

कपाटात सहा साड्या नुसत्या पडून आहेत खरं तर. पण कुकर लावलेला, केस ओले.

"बाद में आने को बोलो ना."

"मतलब नहीं ना, मॅडम?" म्हणाला, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ठेवला पण त्याने.