तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रावर जाऊन रेडिओ कशाला?

"मोबाईलवर जगातलं कुठलंही स्टेशन लागतं, मग तुम्ही पहाटे पुळणीवर बसून ती खरखर कसली ऐकता?" हा प्रश्न मला बाजारात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, एसटीत सगळीकडे विचारून झालाय. आजवर मी समोरचं माणूस बघून उत्तर द्यायचे. कुणाला छंद म्हणायचे, कुणाला विज्ञान. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं नाही आणि माझंही नाही. म्हणून आता एकदाच सगळं लिहिते.

पोलिसांनीही एकदा पुळणीवर हटकून हेच विचारलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. 1993 साली आमच्याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं उतरली होती. त्या किनाऱ्यावर अंधारात कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला हटकणं त्यांचं कामच आहे. या पेटीतून बाहेर काही जात नाही, फक्त आत येतं, एवढं दाखवल्यावर त्यांना पटलं. नातेवाइकांना अजून पटलेलं नाही.

"जुन्या आठवणी असतील तुमच्या," असं बरेचजण मीच सांगायच्या आधी ठरवून टाकतात. तसं काही नाही. माझ्या माहेरी रेडिओच नव्हता. बिनाका गीतमालेसाठी बुधवारी रात्री रेडिओ सिलोनला कान लावून बसायचे ते माझे सासरे. मी हातात रेडिओ घेतला तो लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, आणि गाण्यांसाठी घेतला नाही.

समुद्रच का, ते आधी सांगते. दिवसा सूर्यामुळे आकाशात एक खालचा थर तयार होतो आणि तो मिडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याच लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून शेकडो-हजारो किलोमीटर लांब खाली येतात. हे पुण्यातही होतं, नागपुरातही होतं. पण खारं पाणी जमिनीपेक्षा शेकडो पटींनी चांगला वाहक आहे. क्षितिजाला लगटून येणारी लहर डोंगर-मातीवर विझते, ती पाण्यावर टिकते. शिवाय गावातले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर या सगळ्यांची घरघर पुळणीवर मागे राहते. थंडीत पहाटे आपल्याकडे फटफटत असतं तेव्हा पश्चिमेला अजून काळोख असतो. त्या वेळी ओमान, इराण, आखातातली स्टेशनं शेवटची जोर धरतात आणि ऊन वर आलं की एकेक करून जातात.

माझ्याकडे टेक्सनचा पीएल-380 रेडिओ आहे, हाताच्या पंजात मावणारा, तीन पेन्सिल सेलवर चालणारा. मिडियम वेव्हला वरची काडी ओढावी लागत नाही. पेटीच्या आत लहरी पकडणारी, फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाची आडवी कांडी असते आणि तिचं टोक ज्या दिशेला करावं तिकडचं स्टेशन दबतं. हे मला कळलं ते 558 किलोहर्ट्झवर. श्रीवर्धनहून मुंबई जवळजवळ नीट उत्तरेला. तिथली आकाशवाणीची अस्मिता वाहिनी एवढी खणखणीत लागायची की त्या जागी दुसरं काही असेल असं मनातही आलं नसतं. रेडिओ गडग्याच्या चिऱ्यावर ठेवला आणि बोटाच्या टोकानं हळूहळू फिरवत नेला. टोक उत्तरेला आलं आणि मुंबई खाली गेली. अगदी केसभर जागा असते ती, थोडं पुढे-मागे झालं की पुन्हा मुंबई. त्या केसभर जागेत फारसी बोलणारा एक माणूस होता. तो सगळा वेळ तिथेच होता, मुंबईच्या खाली. त्या दिवसापासून मी सुटले नाही.

"पण भाषा तर कळत नाही ना?" नाही कळत. मी तासाच्या ठोक्याला सुरू होणाऱ्या बातम्यांची धून ओळखते, कुराणपठण ओळखते, स्टेशन आपलं नाव घेतं ते ओळखते. आकडा, वेळ आणि दिशा वहीत लिहिते. बस.

आता ज्या रात्रीबद्दल मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, त्या रात्रीकडे येते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. तुम्हा बहुतेकांना ते दुपारचे तास आठवत असतील, ते परत सांगत नाही. लॉकडाऊनमुळे आमचे हे मुंबईत अडकलेले, घरात मी आणि सासूबाई. पडवीवरची कौलं गेली, पण त्याचं काही एवढं नाही. मागची वाडी गेली. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या पोफळी सासूबाईंनी सून म्हणून आल्यावर स्वतःच्या हातानं लावलेल्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि मग ती पिढ्या पोसते. वारा थांबल्यावर आम्ही मागल्या दारी गेलो तर वाडीतून थेट पलीकडचं घर दिसत होतं. ते घर तिथून दिसतं हे मला त्याआधी माहीतच नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. एका आडव्या पोफळीवर बसल्या आणि हातानं तिचं साल चाचपत राहिल्या.

वीज गेली, टॉवर गेले. मुंबईला फोन नाही, तिकडून काही खबर नाही. माझा रेडिओ तेवढा चालू होता. संध्याकाळी शेजारपाजारची माणसं ओट्यावर यायची आणि आम्ही मुंबईच्या मराठी बातम्या ऐकायचो. ही गोष्ट मी पुढे सगळ्यांना सांगितली. 'उपयोग काय' असं कुणी विचारलं की वादळाचं नाव घ्यायचं, आणि लोक गप्प व्हायचे. ती खोटी नाही. पण मी त्या कारणासाठी रेडिओ ऐकत नाही, आणि तेवढंच सांगून मी माझी सुटका करून घेत होते.

खरी गोष्ट त्यानंतरची. वादळाला तीन-चार दिवस झाले असतील. माणसं घरी गेली, सासूबाई आडव्या झाल्या, आणि मी सहज तबकडी पुढे नेली. पट्ट्यात घरघर नव्हती. तालुकाभर एक दिवा नाही, एक इन्व्हर्टर नाही. लांबच्या विजांचा कडकडाट मधूनमधून यायचा, पण त्याच्यामागे सगळं स्वच्छ. मिडियम वेव्हवर स्टेशनांच्या जागा नऊ-नऊ किलोहर्ट्झवर असतात, आणि त्या प्रत्येक जागी कुणीतरी होतं. 1431 वर अरबी आलं, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जिबूतीतलं, मधे तीन हजारांहून जास्त किलोमीटर अंतर. एरवी ते पुळणीवर बसून, पहाटेच्या त्या अर्ध्या तासातच, तेही नशीब असेल तर लागायचं. त्या रात्री ते आमच्या मोडक्या पडवीत आलं, शब्द न् शब्द सुटा. आणि मी मोठ्यानं हसले. आनंदानं.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगो, तुला ऐकवतं तरी कसं?"

मी रेडिओ बंद केला नाही. कानात वायर घातली आणि सेल उतरेपर्यंत ऐकत बसले.

हे लिहितानाही माझे दोन तुकडे होतात. एक म्हणतो, समोर आयुष्यभराची मेहनत आडवी पडलेली, नवऱ्याचा पत्ता नाही, आणि जी शांतता त्या नासधुशीमुळेच मिळाली तिचा तुला आनंद होतो? दुसरा म्हणतो, मी रडत बसले असते तर एक तरी पोफळ उभी राहिली असती का? दुसऱ्याचं म्हणणं बरोबर असेल, पण सासूबाईंचा प्रश्न त्यानं मिटत नाही. त्यांनी मी काय करते ते विचारलं नव्हतं. आनंद कसा होऊ शकतो, ते विचारलं होतं. आणि मला झाला होता. पुढे वीज यायला महिना उलटला, तोवर रोज रात्री होत होता.

मोबाईलबद्दल म्हणाल तर तिथे जे लावू ते लागतंच. जिबूती लागेल की नाही हे सूर्य, पाणी आणि वरचं आकाश ठरवतं, आणि त्या मिनिटाला मी तिथे नसेन तर ते माझ्यासाठी कधीच नव्हतं. मला ते हवं असतं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही, आणि शोधायचंही मी सोडलंय.

घाई मात्र आहे. लघुलहरींवरची बीबीसी हिंदी 31 जानेवारी 2020 ला थांबली. आकाशवाणीचे मिडियम वेव्हचे ट्रान्समीटर ठिकठिकाणी बंद पडत गेले. माझ्या वहीतल्या कितीतरी आकड्यांवर आता नुसती फुसफुस आहे. त्यामुळे मी थंडीतल्या पहाटे जाणार, निदान गुडघे चालतायत तोवर तरी. वाडीत आम्ही नवीन पोफळी लावल्यात. सासूबाई त्यांना रोज पाणी घालतात आणि माझ्या रेडिओबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. त्यांना पटलंय म्हणून बोलत नाहीत, असं कृपा करून समजू नका.