जीन आर्थरला मराठी सबटायटल्स : चौथा सिनेमा, आणि मी पायरीवर अडकलो

मंडळी, मागच्या नोंदीनंतर अडीच महिने गेले. जीन आर्थर या जुन्या हॉलिवूड नटीच्या सिनेमांचा हिशेब असा : 'मिस्टर डीड्स गोज टू टाउन' (१९३६), 'ईझी लिव्हिंग' (१९३७) आणि 'द डेव्हिल अँड मिस जोन्स' (१९४१) पूर्ण. 'द मोअर द मेरियर' (१९४३) जवळजवळ झालाय, पण त्यातल्या एका प्रसंगाने मला तीन आठवडे खाल्ले. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. हा उद्योग आईमुळे सुरू झाला. तिला इंग्रजी वाचता येतं, पण तिशी-चाळिशीतल्या त्या सिनेमांमधला बोलण्याचा वेग तिच्या आवाक्याबाहेरचा. इंग्रजी सबटायटल लावली तर अर्धं वाक्य वाचून होईतो पुढचं आलेलं असतं. म्हणून घरच्या डिस्कवरून घरच्यापुरती मराठी सबटायटल्स करायला घेतली. परीक्षक एकच, आणि ती सोफ्यावर लसूण सोलत बसलेली असते.

पहिल्या रात्री तिने विचारलं होतं, "हिचा घसा बसलाय का रे?" जीन आर्थरचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना हा प्रश्न कळेल. खाली जाड, किंचित खरखरीत, आणि वाक्याच्या मध्येच वर जाताना चरकन फुटणारा. गंमत म्हणजे १९२३पासून ही बाई मूकपटांत होती. बोलपट येईपर्यंत तिचा सगळ्यात मोठा ऐवज प्रेक्षकांना ठाऊकच नव्हता. कॅमेऱ्यासमोर जायच्या आधी ती भीतीने गळाठून जायची असं तिच्या दिग्दर्शकांनी लिहून ठेवलंय. पडद्यावर त्याचा मागमूस नाही, किंवा असलाच तर त्या फुटणाऱ्या आवाजातच असावा.

आता माझी चूक. 'द मोअर द मेरियर'ची माझ्याकडची डिस्क पाल (PAL) या जुन्या टीव्ही पद्धतीची होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पालवर सिनेमा सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी पळतो. म्हणजे १०४ मिनिटांचा सिनेमा १०० मिनिटांत संपतो. सगळी वेळजुळणी त्या डिस्कवर केली, मग एका मित्राकडून चांगली प्रत मिळाली आणि फाइल तिच्यावर लावली. सुरुवातीला सगळं ठीक. मग ओळी हळूहळू पुढे पळायला लागल्या, आणि प्रेमाची कबुली तीन मिनिटं आधीच पडद्यावर येऊन बसली. दोघं अजून भलतंच बोलतायत! उपाय सोपा होता : सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाच्या चौकटी) बदलला की सगळ्या वेळा एका फटक्यात ताणल्या जातात. हे कळायला मला दोन रात्री लागल्या, तोवर मी ओळी हाताने सरकवत होतो. हसू नका.

पण त्यातून एक गोष्ट कळली. पालमध्ये वेगाबरोबर आवाजही चढतो. फार नाही, पेटीवर एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीपर्यंत पोचायला थोडं कमी, इतकाच. तेवढ्यानेही जीन आर्थर किरटी झाली होती. नव्या प्रतीवर पहिली पाच मिनिटं पाहून आई म्हणाली, "आज हिचा घसा बरा दिसतोय." तेव्हा डिस्क घेताना लांबी बघून घ्या.

आता झालेल्या सिनेमांबद्दल.

'डीड्स'मध्ये सगळी मदार एका शब्दावर आहे. व्हरमाँटमधल्या मँड्रेक फॉल्सच्या लाँगफेलो डीड्सला दोन कोटी डॉलरचा वारसा मिळतो, तो ते पैसे वाटून टाकायला निघतो, म्हणून त्याला वेडा ठरवायला कोर्टात खेचतात. तिथे त्याच्या गावच्या दोन म्हाताऱ्या बहिणी साक्षीला येतात. प्रत्येक प्रश्नाला आधी एकमेकींच्या कानात कुजबुजतात आणि मग सांगतात, तो 'पिक्सिलेटेड' आहे. 'वेडा' लिहिलं तर विनोद मेला. 'झपाटलेला' लिहिलं तर भुताचा सिनेमा झाला. 'चक्रम' ठीक होतं, पण कोर्टात तो शब्द शिवीसारखा वाजतो, आणि या बहिणी तर प्रेमाने बोलतायत. शब्द सुचला तो आईच्या माहेरच्या कोकणामुळे : चकवा. 'पिक्सिलेटेड' ज्यांच्यावरून आला त्या पिक्सी, म्हणजे खोडकर छोट्या पऱ्या, इंग्लंडात डेव्हन-कॉर्नवॉलकडे वाटसरूला भुलवून रानात गोल गोल फिरवतात, आणि त्यावर उतारा म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा. आपल्याकडेही चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. "चकवा लागलाय त्याला." ओळ छोटी, दोन सेकंदांत वाचून होते. पुढे डीड्सची बोलायची पाळी येते आणि त्याच बहिणींच्या लेखी त्या दोघी सोडून सगळ्या जगालाच चकवा लागलेला निघतो. तेव्हा आईच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. माझ्या लेखी ती पाकळी म्हणजे ऑस्कर.

(त्याच कोर्टात शेवटी जीन आर्थर उभी राहून ओरडते, तिथे मी ओळी मुद्दाम निम्म्या केल्या. तिचा चेहरा सोडून कोणी खाली वाचत बसणार असेल तर मीच टीव्ही बंद करीन.)

'ईझी लिव्हिंग' सोपा जाईल असं वाटलं होतं. एक शेठजी बायकोवर चिडून तिचा ५८,००० डॉलरचा सेबलच्या फरचा कोट गच्चीवरून फेकतो, आणि तो खाली डबलडेकरच्या उघड्या मजल्यावर बसून कामाला निघालेल्या मेरी स्मिथच्या डोक्यावर पडतो. ती वळून मागच्या माणसावर उखडते. मागे बसलाय फेटेवाला गृहस्थ, हातात पुस्तक. तो शांतपणे एकच शब्द बोलतो : किस्मत! आता याचं भाषांतर काय करणार? 'नशीब' लिहून पाहिलं, 'प्रारब्ध' लिहून पाहिलं, सगळं फिकं. शेवटी तिथे सबटायटलच टाकलं नाही. तेवढा एक शब्द आईने थेट ऐकावा. ऐकला आणि खूश झाली.

ऑटोमॅटने मात्र घाम काढला. भिंतभर काचेच्या झडपांचे छोटे खण, नाणं टाकलं की झडप उघडते आणि आतली बशी तुमची. एका झटापटीत सगळ्या झडपा एकदम उघडतात आणि फुकट खाण्यावर अख्खं हॉटेल तुटून पडतं. दृश्य बघून कळतंच, पण त्या जागेला मराठीत नाव नाही. मी 'ऑटोमॅट' तसंच ठेवलं आणि त्याआधीच्या एका ओळीत 'नाणं टाका, खण उघडा' घुसवलं. मूळ संवादात ते नाही. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं. आणि लुई लुई या हॉटेलमालकाचं मोडकंतोडकं इंग्रजी साठ टक्केच जमलंय. पटकथाकार प्रेस्टन स्टर्जेसने ते असं काही लिहिलंय की मोडलेलं मराठी त्याच्यापुढे नुसतंच अशुद्ध दिसतं.

'द डेव्हिल अँड मिस जोन्स' आठ दिवसांत उरकला. चांगला सिनेमा, पण अवघड काही नाही. गडगंज मालक चार्ल्स कोबर्न स्वतःच्याच दुकानात वेष बदलून बूट विकायला उभा राहतो, एवढं सांगून पुढे जातो.

'द मोअर द मेरियर'. युद्धामुळे वॉशिंग्टनमध्ये जागेची मारामार. कॉनी मिलिगन, म्हणजे आपली बाई, अर्धा फ्लॅट भाड्याने देते. तो अर्धा भाग डिंगल नावाचा म्हातारा (पुन्हा कोबर्न) जवळजवळ बळजबरीनेच पटकावतो, आणि मग आपल्या अर्ध्यातला अर्धा जो कार्टर या तरुणाला परस्पर देऊन टाकतो. भाड्याच्या खोलीवरून एवढी लबाडी बघितल्यावर 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आठवणार नाही असा मराठी माणूस नाही. आईने तर पंधराव्या मिनिटाला विचारलं, "आता यातला बाई कोण होणार?"

सकाळच्या वेळापत्रकाचा प्रसंग मोजून लिहावा लागला. कॉनी मिनिटामिनिटाचा आराखडा वाचून दाखवते : कुणी कधी उठायचं, न्हाणीघर कुणाचं, दूध कोण आत घेणार. सबटायटलचं सॉफ्टवेअर अक्षरं मोजतं, आणि देवनागरीत ते फार अन्याय करतं. 'म्हणालास' हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द; मशिनच्या हिशेबाने काना, हलन्त सगळं धरून आठ. त्यामुळे ते लाल रंग दाखवत राहतं आणि प्रत्यक्षात आई आरामात वाचत असते. मी आता त्या लाल रंगाकडे बघत नाही, आईच्या डोळ्यांकडे बघतो.

डिंगलच्या तोंडी सारखी अॅडमिरल फॅरागटची आरोळी आहे, अमेरिकन यादवी युद्धातल्या १८६४च्या मोबाइल बेच्या लढाईतली, टॉर्पेडोंना शिव्या घालत पुढे घुसण्याची. इथे दत्ताजी शिंदे जिभेवर येऊन बसले होते. महत्प्रयासाने परतवलं, डिंगल बुराडी घाटावर गेला असता तर परत वॉशिंग्टनला आला नसता. मग कळलं की त्या काळी टॉर्पेडो म्हणजे पाण्यात पेरलेले सुरुंग. "खड्ड्यात गेले ते सुरुंग!" बसलं एकदाचं. 'डिंगलकाका'चा मोहही असाच टाळला. आईची शिफारस होती, पण काका म्हटलं की फ्लॅट दादरला येतो.

आणि आता ती पायरी.

रात्री कॉनी आणि जो चालत घरी येतात, दाराबाहेरच्या पायऱ्यांवर बसतात. तिचं लग्न ठरलंय पेंडरगास्ट नावाच्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाशी. ती त्याला 'मिस्टर पेंडरगास्ट'च म्हणते, आणि पायरीवर बसून त्याचेच गुण सांगतेय. जोचे हात मात्र तिच्या खांद्यावर, मानेवर, ओढणीवर भटकतायत. ती हात बाजूला करते, वाक्य पुढे नेते, वाक्याचं शेपूट हरवते, पुन्हा पेंडरगास्ट. सगळा प्रसंग त्या आवाजावर उभा आहे. शब्द शहाण्यासारखे, आणि आवाज दर तिसऱ्या शब्दाला पाय घसरल्यासारखा. हे चित्रित झालं तेव्हा ती बेचाळिशीच्या आसपास होती, हे सांगितलं तर आईचा विश्वास बसेना. ऑस्करचं नामांकन तिला आयुष्यात एकदाच मिळालं, ते याच कामाला. पुतळा कोबर्न घेऊन गेला, सहायक अभिनेत्याचा.

अडचण काय? इंग्रजीत 'यू' म्हटलं की काम झालं. मराठीत या दोघांनी एकमेकांना काय म्हणायचं? 'तुम्ही' ठेवलं तर तो हात खांद्यावर असताना दोघं बँकेत बसल्यासारखे वाटतात. 'तू' केलं तर पुढचा सगळा सिनेमा पायरीवरच संपतो, कारण 'तू' झाल्यावर पेंडरगास्टची गरजच काय? आणि सर्वनाम गाळूनही सुटका नाही. 'बसता का', 'बसतोस का', क्रियापद चहाडी करतंच. तीन आठवडे मी दोन्ही फाइली आलटून पालटून लावत होतो.

वाट आजीने दाखवली. ती आजोबांना 'तुम्ही' म्हणाल्याचं मला आठवत नाही, 'तू' तर नाहीच. "जेवायचं झालंय." "इकडून येणं कधी झालं?" कर्ता नाहीच, सगळं आपोआप घडतंय. मी पायरीवरच्या सगळ्या ओळी तशा बांधल्या : 'थंडी वाजत नाही ना?', 'इथे बसायचं?', 'उशीर झाला.' कोण कुणाला म्हणतंय हे क्रियापद सांगत नाही, ते हात सांगतात. कॉनी वाक्याचं शेपूट हरवते ना, तिथे मराठीतला कर्ता हरवतो. फक्त पेंडरगास्टला पूर्ण आदरार्थी क्रियापदं दिलीत : ते म्हणाले, ते करतात, त्यांचं असं मत आहे. जितका आदर तितकं अंतर.

पुढचा प्रसंग दोन खोल्यांचा. मध्ये पातळ भिंत, भिंतीच्या अल्याड-पल्याड दोघांच्या खाटा, आणि कॅमेरा अशा जागी की एकाच चौकटीत दोघं शेजारी झोपल्यासारखे दिसतात. तिथे जो पहिल्यांदा 'तू' म्हणतो. कॉनी एक ओळ थांबते आणि मग म्हणते. आई मान हलवून म्हणाली, "बरोबर आहे. तोंडावर नसती म्हणाली ती. भिंतीआडून म्हणेल." मी फाइल तिथेच सेव्ह केली.

शेवटी ती गळा काढून रडते, तिथे शब्द कळत नाहीत आणि कळायची गरजही नाही. तिथे काही लिहिलेलं नाही.

उरलेलं काम : आमच्या टीव्हीवर पेनड्राइव्हने फाइल लावली की जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडते. लॅपटॉपवरून व्हीएलसीने केबल लावून दाखवलं की ठीक. नाहीतर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने अक्षरं चित्रातच भाजून टाकायची, पण मग दुरुस्ती करायची सोय राहत नाही, आणि आईच्या दुरुस्त्या कधी संपत नाहीत.

पुढचा 'अ फॉरिन अफेअर' (१९४८). त्यात ती आयोवाहून बर्लिनला आलेली काँग्रेसवुमन आहे. फायलींच्या कपाटांच्या खोलीत कॅप्टन जवळ यायला लागला की ती कपाटांचे खण ओढून मध्ये अडथळा करते, आणि घाबरून लाँगफेलोची पॉल रिव्हिअरवरची कविता घडाघडा म्हणत सुटते. ही शाळेत पाठ केलेली कविता आहे, घोड्याच्या टापांच्या लयीत. गद्यात लिहिली तर मजा जाईल. भुजंगप्रयात घोड्यासारखा पळतो, पण तो लागला की आईला मनाचे श्लोक आठवणार आणि ती हात जोडणार. पादाकुलक लावून दोन ओळी करून बघितल्यात, अजून लंगडतायत. कुणाकडे दुसरं वृत्त असेल तर सांगा, मी रविवारी खण उघडायला बसतोय.