टुक

परवा दुपारी स्टेशनच्या गेटवर माझी पर्स अडली. नेहमीसारखी मी अख्खी पर्सच मशीनवर टेकवली. त्या एवढ्याशा कार्डासाठी चेन उघडायचा मला कंटाळा येतो. टुक वाजायच्या ऐवजी दिवा लाल झाला. पुन्हा टेकवली, पुन्हा लाल. मग जरा घासून पाहिली. मागचे गृहस्थ घड्याळाकडे मुद्दाम न बघता म्हणाले, "ताई, एकच कार्ड धरा. आत दोन असतील."

होतीच. एक बँकेचं, एक प्रवासाचं. बाईंनी प्रश्न विचारल्यावर दोन हुशार पोरं एकदम "मी, मी" करतात, तसं झालं होतं. आणि बाई गोंधळून गप्प. लंडनच्या बसमध्ये २०१२च्या डिसेंबरपासून साधं बँकेचं कार्डही चालायला लागलं, दोन वर्षांनी ते भुयारी रेल्वेतही आलं, आणि तिथल्या पाकिटांतही हीच भांडणं सुरू झाली. म्हणजे माझा वेंधळेपणा जागतिक दर्जाचा आहे.

कार्डाचा तरी काय दोष? त्यात बॅटरीसुद्धा नसते. कडेकडेनं तारेची बारीक वेटोळी, एक चिप, बस्स. दिवसभर निपचित पडून असतं. मशीनपासून दोन बोटांवर आलं की मशीनच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या वेटोळ्यांत तेवढ्यापुरती वीज खेळते. कार्ड जागं होतं, आपली ओळख सांगतं, हिशेब चुकता करतं आणि परत झोपतं. लंडनमध्ये हे सगळं अर्ध्या सेकंदात उरकावं लागतं, जपानच्या सुइका कार्डाला तर सेकंदाचा पाचवा हिस्सा पुरतो. दुपारच्या झोपेतून उठल्यावर मला आपण कुठे आहोत हे आठवायलाच याहून जास्त वेळ लागतो.

या कार्डांची नावंही मजेशीर. हाँगकाँगचं १९९७चं ऑक्टोपस, लंडनचं २००३चं ऑयस्टर, म्हणजे आपलं कालव. २००१च्या सुइकावर पेंग्विन. घामानं निथळणाऱ्या माणसांच्या खिशात हे सगळे पाण्यातले जीव का, कोण जाणे. ऑक्टोपसचं एक समजतं, त्याच्या कँटनीज नावात आठ आहे, आठही दिशांना पोचवणारं. आणि पेंग्विन? संध्याकाळी गेटपुढची रांग बघा. सगळे तसेच डुलत, इंचाइंचानं.

लहानपणी टुक नव्हतं, टिकटिक होती. कंडक्टर पंच वाजवत मागून पुढे यायचे आणि आई माझ्या खांद्यावर हलकेच हात दाबायची. याचा अर्थ, गुडघे वाकव. मी वाकवायचे. "हाफ?" ते विचारायचे. "हाफच," आई खिडकीबाहेर बघत म्हणायची. ते एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या गुडघ्यांकडे बघायचे आणि काही न बोलता हाफ फाडायचे. मशीनला गुडघे दिसत नाहीत. त्याच्यापुढे वाकून काही उपयोग नाही.

ते तिकीट मग माझं. आधी भोकातून बाहेरची झाडं बघायची, मग त्याची बारीक सुरळी करायची. अगदी उदबत्तीच्या काडीएवढी झाली पाहिजे. ती उलगडायची, पुन्हा वळायची. उतरेपर्यंत तिकिटाचा कापूस व्हायचा आणि तपासनीस आले की आई माझ्याकडे असं काही बघायची! पुढे मोठी झाले, फुल तिकीट काढायला लागले, नोकरी लागली, तरी सुरळी सुटली नाही. बसमध्ये मी कशाचाही विचार करत असेन, बोटांचं काम चालू.

त्या दिवशी एकदाचं गेट उघडलं, गाडीत जागाही मिळाली. दोन स्टेशनं गेल्यावर लक्षात आलं, बोटं पर्सच्या पट्ट्याचं टोक वळताहेत. कार्ड काही वळत नाही. एकदा प्रयत्न करून पाहिलाय. नवं घ्यावं लागलं.

येताना कार्डात पैसे भरले. मशीननं विचारलं, पावती हवी का? कागद वाचवा, असंही खाली लिहिलं होतं. मागच्या मुलानं एक सुस्कारा सोडला.

हवी, म्हटलं.