तणनाशक मारायच्या आधी मी तात्यांच्या घरी गेले

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी तात्या आमच्या दारात आले, ते हातात द्राक्षाची दोन पानं घेऊन. एक नेहमीचं, तळहातासारखं पसरलेलं. दुसरं अर्धवट मिटलेल्या पंख्यासारखं, शिरा एकमेकींना खेटलेल्या, कडेचे दाते लांब ओढलेले. "तुमच्या बाजूच्या आठ ओळी अशा झाल्यात," एवढंच म्हणाले, दोन्ही पानं कट्ट्यावर ठेवली आणि गेले. चहाला थांबले नाहीत.

दहा दिवसांपूर्वी आम्ही उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं.

आमची पट्टी दीड एकराची, येरळाकाठच्या गावात. पूर्वेला तात्यांची सोनाका द्राक्षाची बाग. दक्षिणेला ओढा, तो पुढे येरळेला मिळतो आणि येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला. पश्चिमेला आमचाच शाळू, उत्तरेला गाडीवाट. रानाच्या खालच्या अंगाला, दोनेकशे पावलांवर, ओढ्याच्या काठाशी गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. मालक कारखान्यात पाळीवर असतात, त्यामुळे रानातलं सगळं मीच बघते. तरी इतकी वर्षं तणनाशक म्हटलं की मी फक्त दुकानातून बाटली आणायची आणि फवारणाऱ्याला फोन करायचा, एवढंच करत होते. बांधाच्या पलीकडे काय आहे हे मला पाठ होतं, पण फवारणीशी मी ते कधी जोडलंच नव्हतं.

त्या दिवशी आम्ही मुद्दाम वारं पडल्यावर, दिवस मावळताना फवारलं होतं. वारं नसलं की औषध उडत नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत. पानं बघून मी कृषी विज्ञान केंद्रात गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, "त्या वेळी चुलीचा धूर वर जात होता की आडवा पसरत होता?" मला लख्ख आठवलं. थंडीच्या दिवसांत तिन्हीसांजेला धूर घरांच्या कौलांवर चादरीसारखा पडून राहतो, तसाच होता. त्यांनी सांगितलं, की अशा वेळी जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते. मग खालची हवा वर जात नाही आणि फवाऱ्याचे बारीक थेंब खाली बसायच्या ऐवजी तिच्यातच तरंगत राहतात, हळूहळू उताराकडे सरकतात. आमच्या रानाचा उतार पूर्व-दक्षिणेला आहे, म्हणजे बाग आणि ओढा. पहाटेचंही तसंच. हलकं, एका दिशेनं सातत्यानं वाहणारं वारं असलेलं बरं, कारण थेंब कुठं जाणार ते तरी कळतं.

दुसरी चूक नोझलची. आमच्या पंपाला कीटकनाशकाचं नोझल होतं, जे गोल फिरणारा, धुक्यासारखा बारीक फवारा देतं. किडीसाठी ते चांगलं, पानाच्या खालीवर पोचतं. तणनाशकाला मोठा, जड थेंब लागतो, म्हणजे फ्लड जेट किंवा फ्लॅट फॅन नोझल आणि कमी दाब. ऐंशी-शंभर रुपयांची वस्तू आणि आठ ओळी गेल्या.

टू-फोर-डी गवतवर्गाला फारसं लागत नाही म्हणून ते उसात चालतं. रुंद पानाच्या झाडाला ते आतून वाढीच्या संप्रेरकासारखं भासतं आणि झाड वेडंवाकडं वाढून मरतं. द्राक्ष रुंद पानाचंच आणि इतकं हळवं, की तण मरायला लागतं त्याच्या कितीतरी कमी मात्रेनं त्याची कोवळी पानं मिटतात. त्यात बाग फुलोऱ्यात होती. त्या ओळींचे घड विरळ भरले, व्यापाऱ्यानं बाजूला काढले. तात्यांनी त्यांचा बेदाणा केला. मी पैसे घेऊन गेले होते, त्यांनी हात लावला नाही. पुढं वर्षभर आमचं बोलणं 'बरं हाय का' एवढ्यावरच राहिलं.

म्हणून या वर्षी उसाची पूर्वहंगामी लागण ठरली, तेव्हा दुकानात जायच्या आधी मी तात्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा ठरवलं आणि तिथं गेल्यावर सरळ विचारलं, "तात्या, छाटणी कधी झाली? फुलोरा कधी धरताय?"

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग वही काढली. छाटणीची तारीख, पोंगे कधी फुटले, कोणतं औषध कधी मारलं, सगळं लिहिलेलं. त्यांचा थोडा माल निर्यातीला जातो. २०१० साली वाढनियंत्रकाच्या अंशांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तेव्हापासून ही वही आहे म्हणाले. "पोरी, पान वाकडं झालेलं डोळ्यांना दिसतंय तरी. जे दिसत न्हाई त्याची मला जास्त भीती." मला हे कधी सुचलं नव्हतं. आपल्या फवारणीचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत लिहावा लागतो.

लागणीनंतर महिनाभरानं, म्हणजे तण उगवून वर आल्यावर मारायला जावं, तर नेमका बागेचा फुलोरा. त्यामुळे टू-फोर-डी या पट्टीत मारायचंच नाही, हे तिथंच बसून ठरवलं. दुकानदार म्हणाला, "वैनी, टू-फोर-डीचं एस्टर घेऊ नका, सोडियम सॉल्ट घ्या, त्याची वाफ होत नाही." ते खरं आहे. एस्टर प्रकार फवारल्यानंतरही उन्हानं वाफ होऊन उडतो, सॉल्ट तसं उडत नाही. पण नोझलमधून निघालेला बारीक थेंब वाऱ्यावर जायचा तो जातोच, मग सॉल्ट असो की एस्टर. मी घेतलं नाही.

त्याऐवजी मेट्रिब्युझिन घेतलं. ते तण उगवायच्या आधी, लागणीनंतर तीन-चार दिवसांत, वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, जमिनीवर मारतात. त्या वेळी उसाचं कोंबही वर आलेलं नसतं, नोझल गुडघ्याखाली धरता येतं, थेंब लांब जायला वाव कमी. पण याची दुसरी बाजू पाण्याची आहे. ते पाण्यात चांगलं विरघळतं आणि हलक्या जमिनीतून पाण्याबरोबर खाली उतरतं. ॲट्राझिन हे उसातलं दुसरं तणनाशकही असंच खाली उतरतं, ते तर मातीत आणखी टिकतं. आमची ओढ्याकडची जमीन मुरमाड आहे. तिथं पाऊस पडला किंवा पाटाचं पाणी जास्त झालं, तर औषध ओढ्यात आणि ओढ्यातून विहिरीत.

म्हणून ओढ्याच्या बाजूला वीस फूट आणि बागेच्या बाजूला तीस फूट पट्टा अजिबात फवारायचा नाही असं ठरवलं. पट्टी तीनशे तीस फूट लांब, एकशे अठ्ठ्याण्णव फूट रुंद. बाग आखूड बाजूला, ओढा लांब बाजूला. दोन्ही पट्टे वजा केले की एकोणपन्नास गुंठे उरतात. उरलेल्या अकरा गुंठ्यांची हातानं भांगलण करायची. मालकांना ते जड वाटलं, मजुरीचा आकडा त्यांनी दोनदा विचारला. मी गेल्या वर्षीचं वाळलेलं पान अजून डायरीत ठेवलंय, ते दाखवलं. पुढं विचारलं नाही. ओढ्याच्या कडेची हरळी आणि कुंदा दर वर्षी आम्ही जाळायचो, ते या वेळी मुद्दाम तसंच राखलं. पावसाचं गढूळ पाणी त्या गवतात अडतं, गाळ तिथंच बसतो.

मोजणी मी आधी साध्या पाण्यानं करून घेतली. तेहतीस बाय तेहतीस फुटांचा एक गुंठा दोरीनं आखला, पंपात पाणी मोजून भरलं आणि फवारणाऱ्या दादाला त्याच्या नेहमीच्या चालीनं चालायला सांगितलं. साडेतीन लिटर गेलं. एकरी दोनशे लिटर पाणी हवं असेल, तर गुंठ्याला पाच लिटर जायला पाहिजे. म्हणजे तो भराभर चालत होता. याचा अर्थ फार सोपा आहे. आजवर आम्ही दुकानदारानं सांगितलेली एकराची मात्रा पंपांत वाटून टाकायचो, रान लवकर संपायचं आणि उरलेलं औषध 'वाया कशाला घालवायचं' म्हणून कडेच्या सऱ्यांत पुन्हा मारायचो. कडेच्या सऱ्या म्हणजे बागेलगतच्या आणि ओढ्यालगतच्या. तीन खेपा चालून चाल बसली. पंधरा लिटरच्या पंपात तीन गुंठे. एकोणपन्नास गुंठ्यांना सोळा पंप आणि शेवटी पाच लिटर. मात्रा लेबलावर उसासाठी दिली होती तेवढीच, काट्यावर तोलून, पंपागणिक वेगळी काढली. पाकिटातली माहितीपत्रिका मराठीतही असते. अक्षर मुंगीएवढं आहे, पण मुलीनं मोबाईलवर फोटो काढून मोठं करून वाचून दाखवलं.

तणनाशकाला पंपही वेगळा घेतला आणि त्याला लाल पट्टी बांधली. जुन्या पंपानं गेल्या वर्षी परसातल्या वांग्यांवर औषध मारलं होतं आणि वांगी आकसली होती, तेव्हा कारण कळलं नव्हतं.

लागण झाली, हलकं पाणी दिलं, तिसऱ्या दिवशी वाफसा आला. हवामानाचा अंदाज आदल्या रात्री आणि सकाळी दोन्ही वेळा पाहिला, अवकाळीचं चिन्ह नव्हतं. दादा सात वाजताच आला. मी बांधावर उदबत्ती लावून उभी होते. धूर आडवा, जागचा हलत नव्हता. थांबलो. आठला तसाच. साडेनऊला पूर्वेकडून झुळूक सुरू झाली, बागेकडून आमच्या रानाकडे आणि पुढं शाळवाकडे. या दिवसांत आमच्याकडे बहुतेक तसंच वाहतं, आणि मला तेच हवं होतं.

पाणी टाकीत भरून ट्रॉलीनं गाडीवाटेला आणून ठेवलं होतं. आजवर पंप ओढ्यावर भरायचा आणि तिथंच धुवायचा, ही सगळ्यांची रीत. या खेपेला ओढ्याकडं कुणी भरलेला पंप घेऊन गेलं नाही. दादाला गमबूट, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. तो कुरकुरला, "वैनी, एवढं कशाला? ह्याला वास सुदीक न्हाई." मी म्हटलं, तुमच्या घरी दोन लेकरं आहेत, घालाच. तो उलट पावलांनी मागं मागं सरकत मारत गेला, म्हणजे फवारलेल्या जमिनीवर पाय पडत नाही आणि मातीवरचा औषधाचा थर मोडत नाही.

आठ पंप झाले आणि साडेअकराला वारं फिरलं. उदबत्तीचा धूर बागेकडं वळला. मी हात वर केला. दादाचा चेहरा पडला, कारण दुसऱ्या दिवशी त्याचं दुसरीकडं काम ठरलेलं होतं. मी त्याला अर्ध्या दिवसाची जास्तीची मजुरी देऊन दुसऱ्या सकाळी परत बोलावलं. या एका गोष्टीवर मी अजूनही ठाम आहे. वारं फिरल्यावर 'दोनच पंप राहिलेत' म्हणून पुढं जायचं नाही. गेल्या वर्षीच्या आठ ओळी अशाच कुणाच्या तरी घाईत गेल्या, आणि ती घाई माझी होती.

दुसऱ्या दिवशी उरलेलं झालं. रिकामी पाकिटं आणि मापाचा मग तीनदा विसळून ते पाणी शेवटच्या पाच लिटरच्या पंपातच ओतलं. पंप धुतलेलं पाणी फवारलेल्या रानातच, शाळवाच्या बाजूच्या सरीत, पातळ पसरून मारलं. पुढचं पाणी देताना पाट ओढ्याच्या कडेला आला की स्वतः दारं धरलं, खालच्या बांधावरून थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

दहाव्या आणि विसाव्या दिवशी मी तात्यांना घेऊन बागेच्या कडेच्या ओळींतून फिरले. तेच पुढं, मी मागं. ते प्रत्येक वेलीचा शेंडा उचलून बघत होते. आठव्या ओळीशी थांबले, मागं वळले आणि पुन्हा पहिलीपासून बघायला लागले. पानं सपाट, पसरलेली होती. काही बोलले नाहीत. घरी मात्र काकूंनी चहा केला होता.

सगळं काही साधलं नाही. लव्हाळा मेट्रिब्युझिनला दबला नाही, तो उसात आहेच. अकरा गुंठ्यांच्या पट्ट्यात दोन भांगलणी झाल्या, सहा-सहा बायका, आणि मीही त्यांच्यात बसले. तिथं चांदवेल मुळासकट निघाली, ती औषधानंही इतकी नीट निघत नाही. खर्च औषधापेक्षा जास्त आला, हे खरं आहे.

विसळलेली पाकिटं गोणीत भरून कुलपात ठेवली आहेत. गावात ती घ्यायची सोय नाही. आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला परवाच दोघं पंप धुताना दिसले. माझ्या वीस फुटांच्या पट्ट्यानं विहिरीचं पाणी एकटं वाचत नाही. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिलाय: ओढ्यावर पंप भरायला आणि धुवायला बंदी, आणि गाडीवाटेला पंप भरण्यासाठी एक टाकी. खाली पहिली सही माझी आहे, दुसरी तात्यांची.