ड्यूटेरियमचे आकडे भरकटले? आधी सिरिंज बघा

लेझर अ‍ॅनालायझरवर (पाण्यातला जड हायड्रोजन म्हणजे ड्यूटेरियम आणि जड ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आकडे हलायला लागले की सगळे लेझरवर संशय घेतात. दोष बहुतेकदा सिरिंजमध्ये असतो. पुण्याच्या बोअरचं पाणी क्षारांचं. क्षार सुईत, व्हेपोरायझरमध्ये (पाण्याची वाफ करणारा भाग) साचतात आणि दर इंजेक्शनला वाफ कमी-जास्त होते. १० मायक्रोलिटरची सिरिंज रोज डीआयोनाइज्ड पाण्याने धुवा. दट्ट्या हाताने सरकवून पाहा, खरखरला तर सरळ नवी लावा. वाफेची पातळी साधारण २०,००० पीपीएम (दहा लाख भागांत २०,०००) हवी. हळूहळू घसरत असेल तर सेप्टम (सुई जिच्यातून आत जाते ती रबरी चकती) बदला. पहिली तीन इंजेक्शनं धरूच नका, आधीच्या नमुन्याचा अंश आतल्या भिंतींना चिकटलेला असतो आणि हायड्रोजनमध्ये तो ऑक्सिजनपेक्षा जास्त रेंगाळतो. पावसाळ्यात वाहक हवेच्या (वाफ पुढे नेणाऱ्या कोरड्या हवेच्या) ड्रायरमधले ओलावा शोषणारे निळे दाणे गुलाबी झाले की त्याच दिवशी बदला.