मेटलमध्ये म्हातारं होण्याचा हक्क

मी ४९ वर्षांची आहे आणि एका डूम मेटल (म्हणजे संथ, जड मेटल) बँडमध्ये बेस गिटार वाजवते. आमचा गिटारिस्ट माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मागच्या गिगचा, म्हणजे कार्यक्रमाचा, व्हिडिओ आम्ही टाकला, तर त्याच्याबद्दल लोकांनी लिहिलं, 'दादा, हात अजून तोच आहे', 'ओल्ड स्कूल', 'लेजंड'. माझ्याबद्दल लिहिलं, 'काकू पण आहेत का बँडमध्ये?', 'या वयात कशाला हे?' आणि एकाने, बहुधा मनापासून, 'वयाच्या मानाने छान दिसतात.' बेसबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्या गाण्याच्या मध्यावर गिटार पूर्ण थांबते आणि बराच वेळ फक्त बेस आणि ड्रम्स वाजतात, तरीही.

राग आलाच. पण आम्हा दोघांवरून गेलेली वर्षं तीच असताना ती त्याच्या खात्यात जमा होतात आणि माझ्या खात्यातून वजा होतात, हे कसं घडतं याचा मी पुष्कळ दिवस विचार करतेय. मला दिसतं ते असं. मुलगा गिटार हातात घेतो त्या दिवसापासून लोक त्याचं वाजवणं ऐकतात. वाजवणं वर्षांनी पिकतं. मुलगी गिटार हातात घेते तेव्हा लोक तिला बघतात. विशीत तिला जी दाद मिळते ती दिसण्याची असते, त्यामुळे चाळिशीत दाखवायला तिच्याजवळ काही साठलेलंच नसतं. म्हातारपणी तिला स्टेजवरून उतरवायची तयारी ती पहिल्यांदा स्टेजवर चढते तेव्हाच सुरू झालेली असते.

५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबाथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न शेवटचा गायला. ७६ वर्षांचा, पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून सिंहासनावर बसून. आवाज मधूनच फाटत होता आणि समोरचे लोक रडत होते. मीही रडले. त्याच महिन्यात तो गेला. लेमी २०१५च्या डिसेंबरात, सत्तरीला टेकलेला असताना, मृत्यूच्या दोनतीन आठवडे आधीपर्यंत आपल्या मोटरहेड या बँडबरोबर स्टेजवर होता. त्यांच्या थकलेल्या शरीरांना लोकांनी मान दिला आणि तो त्यांना मिळायलाच हवा होता. आता त्याच सिंहासनावर ७६ वर्षांची बाई बसवून बघा. केस विरळ, हात थरथरतोय, आवाज फाटतोय. तिच्याबद्दल काय लिहिलं जाईल ते मला ठाऊक आहे, कारण तिच्या निम्म्या वयाच्या बायकांबद्दल ते आधीच लिहून झालंय.

ॲन विल्सनचं बघा. हार्ट या बँडमधल्या ॲन आणि नॅन्सी सख्ख्या बहिणी. सत्तरच्या दशकात त्यांच्याच रेकॉर्ड कंपनीने रेकॉर्ड खपवायला एक जाहिरात छापली, तिच्यात या दोघी एकमेकींच्या प्रेयसी असल्याचं सुचवलं होतं. एका शोनंतर एका माणसाने येऊन ॲनला त्यावरूनच काहीतरी घाणेरडं विचारलं. ती तडक हॉटेलच्या खोलीत गेली आणि लिहायला बसली. 'बॅराकुडा' त्यातून झालं, १९७७मध्ये. त्या रिफमधला (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यातला) संताप कुठून आला हे कळल्यापासून मला ते गाणं वेगळंच ऐकू येतं. पुढे एमटीव्हीचा जमाना आला आणि ॲनचं वजन वाढलं. १९८७मध्ये हार्टचं 'अलोन' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा ती ३७ वर्षांची होती, गळा ऐन भरात. पण त्या काळातले व्हिडिओ काढणाऱ्यांची सगळी हुशारी तिचं शरीर लपवण्यात खर्च झाली. काळे कपडे, अंधार, चेहऱ्याचे क्लोजअप आणि कॅमेरा फिरून फिरून नॅन्सीकडे. त्याच काळात मीट लोफसारख्या गायकाचं वजन मात्र त्याच्या दणकट व्यक्तिमत्त्वात धरलं जात होतं.

मेटलवाले स्वतःला याच्या बाहेरचे समजतात. आम्ही दिखाऊ नाही, आमच्याकडे फक्त संगीत. असं असतं तर रिव्हॉल्व्हरसारख्या मेटल मासिकाने बायकांचा 'हॉटेस्ट चिक्स' विशेषांक वर्षानुवर्षं काढला नसता. आणि 'फीमेल फ्रंटेड मेटल' नावाचा कप्पाही झाला नसता. नाइटविश हा बँड सिंफनिक मेटल वाजवतो, आर्च एनिमी मेलोडिक डेथ मेटल, दोन अगदी वेगळे प्रकार. दोन्हीकडे गाणारी बाई आहे एवढ्यावर या बँडना एका फळीवर ठेवायचं, तर मग दोन्हीकडे गाणारा पुरुष आहे म्हणून आयर्न मेडन आणि कॅनिबल कॉर्प्स यांनाही एका फळीवर ठेवा. होली मोझेस या बँडची झाबिना क्लासेन १९८१पासून ग्राउल करत (खोल, गुरगुरत्या आवाजात गात) होती. त्यानंतर वीस वर्षांनी अँजेला गोसो आर्च एनिमीत आली, तेव्हाही लोक अचंबा करत होते की हा आवाज बाईचा असेलच कसा. मधली वीस वर्षं कोणी ऐकलंच नव्हतं जणू.

आता माझ्या हाताखालची गोष्ट. आम्ही सीमध्ये ट्यून करतो, म्हणजे तारा नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या सुराला लावतो. एवढं खाली गेलं की किक ड्रम आणि बेस एकमेकांना गिळायला लागतात, त्यामुळे मला अडीचशे हर्ट्झच्या आसपासचं थोडं कापून आठशेच्या पट्ट्यात थोडी खरखर हवी असते. हे साउंडचेकला, गिगआधी आवाज तपासताना, सांगावं लागतं. एका गिगला साउंडवाला पंचविशीचा पोरगा होता. मी हातात केबल धरून उभी, आणि त्याने आमच्या गिटारिस्टला विचारलं, "यांचा बेस ॲक्टिव्ह आहे की पॅसिव्ह?"

"पॅसिव्ह," मी म्हटलं, म्हणजे बॅटरीशिवायचा.

बेसचा आवाज मिक्सरला कुठून घ्यायचा, हेही त्याने परत गिटारिस्टकडेच बघून विचारलं, "डीआय प्री घेऊ की पोस्ट?"

"मला काय विचारतोस? बेस तिचा आहे, तिला विचार."

पोरगा वाईट नव्हता. लाजला, नंतर नीट काम केलं आणि त्या दिवशीचा बेस खरंच छान आला. पण मी विशीत होते तेव्हा दारावरचा माणूस म्हणायचा, "बॅकस्टेज फक्त बँडसाठी, तू कोणाबरोबर आलीस?" आता मला कोणाची तरी आई किंवा बायको समजतात. या दोन समजुतींच्या मध्ये कधीतरी मला बेसिस्ट समजण्याचा काळ यायला हवा होता. तो आलाच नाही.

माझ्यासाठी या सगळ्यातून वाट काढणारी बाई म्हणजे जो बेंच. बोल्ट थ्रोअर या डेथ मेटल बँडची बेसिस्ट. १९८७पासून २०१६मध्ये बँड थांबेपर्यंत ती तिथेच होती. बँडच्या फोटोंत ती बाकीच्यांसारखीच जीन्स, टी-शर्ट घालून उभी असते, पोस्टरवर तिला पुढे काढून विकलेलं मी कधी पाहिलं नाही. तिने वाजवलेल्या ओळी साध्या आहेत, जड आहेत, आणि ड्रम्सला घट्ट धरून चालतात. त्यांचे शेवटच्या वर्षांतले व्हिडिओ बघताना मला ती किती वर्षांची हा प्रश्नच पडत नाही. बँडमधल्या पुरुषांनी ठरवलं तर हे जमतं, याचा तो पुरावा आहे. म्हणून बँडमधल्या पुरुषांना मी यातून मोकळं सोडत नाही. आमच्या गिटारिस्टने त्या दिवशी "तिला विचार" म्हटलं, तेवढं प्रत्येकाने म्हणायला हवं.

मधल्या वर्षांबद्दलही बोलायला हवं, कारण बायका नेमक्या तिथेच गळतात. गिटारिस्टला आणि मला मुलं साधारण एकाच सुमाराला झाली. त्याचा एकही गिग चुकला नाही, कारण रात्री बाळाजवळ त्याची बायको होती. माझी काही वर्षं गेली. प्रॅक्टिस रात्री, गिग रात्री, परतायला पहाट. अंगावर पिणारं मूल घेऊन हे कसं करायचं? त्याचा प्रवास सलग दिसतो म्हणून तो 'इतकी वर्षं टिकलेला', आणि मी परत आले तेव्हा लोक म्हणाले, "छान, छंद जोपासताय." ज्या हातांनी मी आधी वाजवत होते त्याच हातांनी परत वाजवायला लागले होते. छंद कसला?

आणि हात. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीचं मधलं पेर सकाळी आखडतं. रजोनिवृत्तीच्या काळात बऱ्याच जणींचे सांधे दुखतात, स्टेजच्या दिव्यांखाली अचानक अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, सेटलिस्ट डोक्यातून क्षणभर पुसली जाते. पुरुष गिटारिस्टांची मनगटं, पाठी, कानातली शिटी यांवर मासिकांतून लेखच्या लेख येतात. आमच्या या गोष्टी कोणी बोललंच तर त्या निवृत्तीचं कारण म्हणून बोलल्या जातात.

मेटलमध्ये तरी असं व्हायला नको, कारण मेटलचा जन्मच एका जखमी हातातून झालाय. ब्लॅक सॅबाथचा गिटारिस्ट टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या, पुढे ट्यूनिंग खाली उतरवलं म्हणजे तारा सैल होतील आणि बोटांना कमी त्रास होईल. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बमवर गिटार सी शार्पपर्यंत खाली आहे. आज आम्ही डूमवाले ज्या खोल आवाजाच्या मागे आयुष्यभर लागलोय त्याचं एक मूळ त्या तुटक्या बोटांत आहे. ही गोष्ट प्रत्येक मेटलहेड अभिमानाने सांगतो. मीही ३४ इंची स्केल (तारेची लांबी) सोडून ३० इंची बेस घेतला, बोटं दुखतील त्या दिवशी पिकने वाजवते. आखूड स्केलवर तीच तार सैल पडते आणि तिचा आवाज गुबगुबीत, गोल होतो. आमच्या दोन गाण्यांचा आवाज त्यामुळे सुधारलाय असं मला ठाम वाटतं. बदललेल्या शरीराने वाजवताना नवा आवाज सापडतो, हे आयोमीच्या बाबतीत मान्य असेल तर माझ्या बाबतीतही मान्य करा.

१९६४चं एक चित्रीकरण आहे. मँचेस्टरमधलं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, एका फलाटावर प्रेक्षक, समोरच्या फलाटावर गायिका आणि गिटारिस्ट सिस्टर रोझेटा थार्प, अंगात कोट आणि गळ्यात पांढरी गिब्सन एसजी गिटार. हवा पावसाळी. ती गाता गाता सोलो घेते, आणि त्या सोलोतला आत्मविश्वास बघून मला दरवेळी ताठ बसावंसं वाटतं. तेव्हा ती ४९ची होती, आज मी आहे तेवढी. तिचं पहिलं रेकॉर्डिंग १९३८चं; रॉक अँड रोल हे नाव रूढ व्हायच्या कितीतरी आधी ती इलेक्ट्रिक गिटारवर ते वाजवत होती. १९७३मध्ये ती गेली, आणि तिच्या कबरीवर कित्येक दशकं साधा दगडही नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६मध्ये पहिली तुकडी घेतली, त्यात एकही बाई नव्हती. थार्पला घेतलं २०१८मध्ये. त्याच हॉल ऑफ फेमच्या संस्थापकांपैकी एक, रोलिंग स्टोन मासिक काढणारा यान वेनर. २०२३मध्ये त्याने रॉकमधल्या दिग्गजांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं, सगळे गोरे पुरुष. बायका का नाहीत असं विचारल्यावर त्याने सांगितलं की त्या पातळीवर बोलू शकेल अशी बाई त्याला दिसली नाही. हॉल ऑफ फेमच्या मंडळावरून त्याला लगेच काढलं, ते बरंच झालं. पण तोवर अर्धं शतक कोणाला थोर म्हणायचं हे ठरवणाऱ्यांत तो होता.

मध्यंतरी दुसऱ्या एका बँडमधली गायिका माझ्याशी बोलली. तिशी नुकतीच ओलांडलेली, गळा जबरदस्त. बँडचं काम बघणाऱ्याने तिला सांगितलं होतं की प्रोफाइलवर जन्मसाल टाकू नकोस. मी तिला ब्लाँडी या बँडची गायिका डेबी हॅरी हिच्याबद्दल सांगितलं: ब्लाँडीचा पहिला अल्बम १९७६मध्ये आला तेव्हा ती ३१ची होती. गायिका टीना टर्नर १९८४मध्ये ४४व्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. किम गॉर्डनने सत्तरीत 'द कलेक्टिव्ह' हा अल्बम काढला, २०२४मध्ये, आणि तो मी ऐकलेल्या सगळ्यात खरखरीत रेकॉर्ड्सपैकी एक आहे. ती गायिका म्हणाली, "ताई, ही नावं मोठी आहेत. मला पुढचा गिग मिळायला हवा." तिचं खरं होतं. तिला धीर देणं सोपं आहे, गिग देणारे बदलायला हवेत. आमच्या पुढच्या शोला ओपनिंगसाठी मी तिच्या बँडचं नाव दिलंय.

आमचा नवा ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम) सध्या मिक्स होतोय. कव्हरच्या मागे आम्ही चौघांनी आपापलं नाव, वाद्य आणि जन्मसाल छापायचं ठरवलंय. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: दुसऱ्या गाण्यात गिटार थांबल्यावर येणारा बेस ऐका आणि त्याच्याबद्दल लिहा. आवडला नाही तर तसं लिहा.